इंटरव्ह्यूत असं विचारलं तर काय सांगायचं?

नोकरीच्या मुलाखतीत कोणते प्रश्न रास्त आणि कोणते आगाऊ, यावर वाचकांची पत्रे मागवली होती. उमेदवारांची तर आलीच, पण मुलाखत घेणाऱ्यांचीही आली, हे बरे झाले. निवडक पत्रांना उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची आणि कंपन्यांची नावे गाळली आहेत.

गोव्यात वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलच्या जागेसाठी मुलाखत दिली. एम.एस्सी. केमिस्ट्री, दोन वर्षांचा अनुभव. एचपीएलसीवर (औषधातले घटक तपासण्याची पद्धत) दोन प्रश्न झाले आणि मग ‘लग्न ठरलंय का’, ‘नवरा बाहेरगावचा मिळाला तर’, ‘मूल लगेच की उशिरा’ यावरच गाडी अडली. असे विचारणे गुन्हा आहे का? आणि उत्तर द्यावे की नाही? — वाचक, फोंडा

गुन्हा म्हणता येणार नाही. ‘हे प्रश्न विचारू नयेत’ अशी यादी आपल्याकडच्या कुठल्याही कायद्यात नाही. कायदा हात घालतो तो भेदभावाला. १९७६ च्या समान वेतन कायद्यात भरतीच्या वेळी स्त्री म्हणून डावलायला मनाई होती. तीच तरतूद आता वेतन संहिता २०१९ च्या कलम ३ मध्ये आहे आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. म्हणजे लग्नाचा प्रश्न फक्त मुलींना विचारला, मुलग्यांना नाही, आणि त्या उत्तरावर निवड फिरली, तर ते बेकायदेशीर. अडचण पुराव्याची आहे. नकाराच्या ईमेलमध्ये खरे कारण कोणी लिहीत नाही.

या प्रश्नांच्या मुळाशी प्रसूती रजा असते, हे उघड आहे. दहा किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा द्यावी लागते. अट इतकीच, की प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत बाईने तिथे ८० दिवस काम केलेले असावे. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोयही आली. कंपनीला हा खर्च दिसतो आणि तो टाळायची सगळ्यात स्वस्त जागा म्हणजे मुलाखतीची खोली.

सर्वोच्च न्यायालयासमोर हा विषय पूर्वीच आला आहे. आयुर्विमा महामंडळाच्या नोकरीच्या फॉर्ममध्ये स्त्री उमेदवारांना मासिक पाळीच्या तारखा आणि आधीची गर्भारपणे विचारत. त्यात खोटी माहिती दिली म्हणून नीरा माथुर यांना प्रोबेशनमध्येच काढले गेले. न्यायालयाने त्यांना परत कामावर घ्यायला लावले आणि हे रकाने अपमानास्पद आहेत, ते फॉर्ममधून काढा, असे महामंडळाला सांगितले. तरीही आमचा सल्ला असा, की लेखी फॉर्ममध्ये खोटे लिहू नका. असा रकाना आलाच तर आडवी रेघ मारा. खोट्या माहितीचे कारण पुढे कधीही तुमच्याविरुद्ध वापरता येते, रिकाम्या रकान्याचे सहसा तसे होत नाही.

तोंडी प्रश्नाला उत्तर देताना त्यामागची कामाची शंका ओळखायची आणि तेवढीच फेडायची. क्यूसीमध्ये, म्हणजे क्वालिटी कंट्रोलमध्ये, शंका साधारण तीन असतात: शिफ्ट जमेल का, ऑडिटच्या दिवसांत उशिरापर्यंत थांबाल का, शिकवून तयार केल्यावर वर्षभरात सोडून जाणार नाही ना. तेव्हा असे म्हणा: ‘शिफ्टबद्दल विचारत असाल तर तिन्ही शिफ्ट मला चालतील. आधीच्या ठिकाणी ऑडिटच्या काळात मी थांबत होते. या कामात किमान दोन-तीन वर्षे राहायचा माझा विचार आहे.’ लग्नाबद्दल एक अक्षर नाही, आणि समोरच्याला तोंडघशीही पाडलेले नाही. पुन्हा विचारले तर हसून ‘ते अजून घरीच ठरायचंय’ म्हणा आणि स्वतःच विषय बदला: ‘सिस्टिम सूटॅबिलिटी फेल झाली तर इथे पुढची पद्धत काय आहे?’ (सिस्टिम सूटॅबिलिटी म्हणजे चाचणीआधी यंत्रणा नीट चालते का याची तपासणी.) खरे तर हा प्रश्न त्यांनीच तुम्हाला विचारायला हवा होता. दोन वर्षांच्या अनुभवी माणसाला स्पेसिफिकेशनबाहेरचा निकाल आला तर पहिल्या तासात काय करशील, एवढे विचारले तरी निम्मी मुलाखत उरकते.

एक अपवाद सांगायला हवा. काही विभागांत हार्मोनची किंवा कर्करोगावरची औषधे हाताळावी लागतात आणि गर्भवतीने तिथे काम करणे धोक्याचे असते. कंपनीने ही माहिती स्त्री-पुरुष सगळ्याच उमेदवारांना द्यावी आणि विभाग बदलून मिळण्याची सोय सांगावी. ‘तुम्ही गरोदर आहात का’ हा प्रश्न तरीही लागत नाही.

मुलाखतीला गेलो की पहिला प्रश्न ठरलेला: ‘तूं खंयचो?’ म्हणजे तू कुठला. गाव सांगितला की ‘कोणाचो?’, मग वाडा, मग ‘बापूय कितें करता?’ म्हणजे वडील काय करतात. शेवटी जात कळली की थांबतात. काय करावे? — वाचक, सांगे

गोव्यात हा प्रश्न दर वेळी वाईट हेतूने येतो असे नाही. बसमध्ये, लग्नात, दवाखान्यातही तोच विचारतात. पण गाव, वाडा, आडनाव आणि देऊळ किंवा चर्च कळले, की विचारणाऱ्याच्या डोक्यात आपोआप एक रकाना भरला जातो, आणि मुलाखतीत तो भरला जाणे धोक्याचे.

गाव सांगा आणि लगेच कामाकडे वळा: ‘सांग्याचो. साडेसहाची बस धरली की आठला इथे पोचतो, आज तसाच आलो.’ वडिलांबद्दल एका वाक्यात सांगून मोकळे व्हा. थेट जातच विचारली तर ‘फॉर्ममध्ये लागत असेल तर दाखला जोडतो’ हे उत्तर पुरे. राखीव जागेसाठी जात दाखल्यावरून ठरते, तोंडी चौकशीवरून नव्हे. सरकारी नोकरीत धर्म, जात, वंश किंवा जन्मस्थान यावरून डावलणे घटनेच्या अनुच्छेद १६ ने बंद केले आहे. खाजगी कंपनीला हा अनुच्छेद थेट लागू होत नाही, हेही लक्षात ठेवा. पंधरा वर्षांच्या रहिवासाची अट असेल तर तीही मामलेदाराच्या दाखल्याने सिद्ध होते, आजोबांच्या नावाने नाही.

श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशाचा एक खटला, अजय हासिया यांचा, १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढला होता. तिथे मुलाखती दोन-तीन मिनिटांत उरकल्या होत्या, आईवडील कोण आणि राहता कुठे एवढेच विचारले होते, आणि त्याला एकूण गुणांपैकी ३३ टक्के गुण होते. न्यायालयाने असल्या मुलाखतीला दोष दिला आणि अशा निवडीत तोंडी परीक्षेला १५ टक्क्यांहून जास्त गुण ठेवणे मनमानी आहे, असे म्हटले. म्हणजे ‘तूं कोणाचो’ हा प्रश्न दिल्लीपर्यंत जाऊन नापास होऊन आलेला आहे.

‘पोर्तुगीज पासपोर्ट केलाय का? लंडनला जाणार का?’ असे विचारतात. — वाचक, मडगाव

पोर्तुगीज काळातल्या अनेक गोवेकरांच्या वंशजांना पोर्तुगालचा पासपोर्ट मिळू शकतो, त्यामुळे मालकाची धास्ती समजण्यासारखी आहे. शिकवलेला माणूस सहा महिन्यांत इंग्लंडला गेल्याचे मडगावच्या सासष्टी तालुक्यात त्याने पाहिलेले असते. पण आडनावावरून काहींनाच हा प्रश्न विचारणे गैर. रास्त प्रश्न दोनच: भारतात नोकरी करायला कायदेशीर अडचण आहे का, आणि किती काळ राहायचा विचार आहे. ते सगळ्यांना विचारावेत.

उमेदवाराच्या बाजूने वस्तुस्थिती अशी: दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व जाते. मग ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारे कार्ड) बहुतेक खाजगी नोकऱ्या करता येतात, पण सरकारी नोकरीत भारतीय नागरिकाइतका हक्क राहत नाही. तुमच्याकडे असा पासपोर्ट असेल तर लपवू नका, कागदपत्रे देताना ते निघतेच. नसेल तर ‘भारतीय पासपोर्ट आहे, आणि सोडायची वेळ आलीच तर नोटीस पूर्ण देईन’ एवढे सांगा. जन्मभर जाणार नाही अशी शपथ कोणी मागू नये आणि कोणी घेऊ नये.

कळंगुटला आमचे २२ खोल्यांचे हॉटेल आहे. रिसेप्शन आणि हाउसकीपिंगसाठी माणसे घ्यायची आहेत. नाताळात ख्रिस्ती पोरे आणि चवथीला हिंदू पोरे सुट्टी मागतात. आधीच विचारले तर चूक का? आणि मुलाखत नीट घ्यायची तरी कशी? — हॉटेलमालक

धर्म विचारू नका, रोस्टर सांगा. ‘२४ डिसेंबर ते २ जानेवारी कोणालाच रजा नाही, बदली सुट्टी जानेवारीत मिळेल. चवथीचे दीड दिवस निम्म्या स्टाफला आळीपाळीने रजा. जमेल का?’ हेच वाक्य प्रत्येकाला, त्याच शब्दांत. ज्याला जमणार नाही तो स्वतःच सांगेल, मग तो नाताळ करो की न करो.

मुलाखतीला प्रत्येकी २५ मिनिटे धरा. पहिली पाच मिनिटे तुम्ही बोला: काम, वेळ, पगार, राहण्या-जेवणाची सोय, ब्रेक शिफ्ट असेल तर तीही. सकाळी सात ते अकरा आणि पुन्हा संध्याकाळी सहा ते दहा, हे आधी सांगितले नाही म्हणून पहिल्या आठवड्यातच माणसे जातात, आणि मालक ‘आजकालची पोरे टिकत नाहीत’ म्हणत बसतो. पुढची पंधरा मिनिटे पाच ठरलेले प्रश्न, सगळ्यांना त्याच क्रमाने. शेवटची पाच त्यांच्या प्रश्नांसाठी.

प्रश्न प्रसंगाचे असू द्या. रिसेप्शनसाठी: ‘रात्री अकरा वाजता पाहुणे आले, त्यांच्या मोबाइलवर बुकिंग दिसते, आपल्या सिस्टिममध्ये नाही आणि खोली शिल्लक नाही. पहिल्या दहा मिनिटांत काय कराल?’ चांगल्या उत्तरात तीन गोष्टी हव्यात: पाहुण्याला बसवून पाणी देणे, बुकिंग नंबर घेऊन पोर्टलला फोन करणे, आणि जवळच्या हॉटेलात सोय बघून मॅनेजरला कळवणे. तिन्ही आल्या तर चार गुण, दोन आल्या तर दोन, नुसते ‘सॉरी म्हणेन’ला शून्य. हाउसकीपिंगसाठी बोलण्यापेक्षा एक बेड लावून घ्या. इंग्रजी येते का असे विचारण्याऐवजी स्वतः पाहुणे व्हा आणि टॅक्सीची चौकशी करा. मातृभाषा कुठली, याच्याशी कामाला कर्तव्य नाही.

दोघे मुलाखत घेत असाल तर एकमेकांशी बोलण्याआधी आपापले गुण कागदावर उतरवा. नाहीतर मालकाचे मत पडले की मॅनेजरचे मत तिथेच सरकते. कागदावर उत्तर लिहा, शेरा नको. ‘चुणचुणीत वाटला’ यावरून महिन्याभराने काहीही आठवत नाही.

या गोष्टी काढून टाका: लग्न, मूल, धर्म, मांसाहार, ‘तुमच्याकडची माणसे दारू पितात ना’, वजन-रंग आणि राजकीय पक्ष. ‘स्कूटर आहे का’ हा प्रश्नही फसवा आहे. रात्री अकराला सुटणाऱ्याला बस नसते, ही खरी अडचण. तेव्हा ‘रात्री अकरानंतर घरी कसे जाल’ असे विचारा आणि तुमची पिकअप असेल तर सांगा. कामाच्या चाचणीसाठी अख्खी शिफ्ट राबवून घेतली तर त्या दिवसाचे पैसे द्या. ‘ट्रायल’च्या नावाखाली फुकट शनिवार काढणारी हॉटेले किनाऱ्यावर कमी नाहीत.

हॉटेलवाल्यांनी निवडीआधी रक्ततपासणी सांगितली, त्यात एचआयव्हीही होती. — वाचक, म्हापसा

स्वयंपाकघरात आणि वाढपात काम करणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडसारख्या आजारांची लस हे अन्नसुरक्षा नियमांत आहे. ती मागणे योग्यच. एचआयव्हीचे मात्र तसे नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने नोकरी मिळण्यासाठी ही चाचणी पूर्वअट म्हणून घालायला मनाई केली आहे. त्याच्या वीस वर्षे आधी, १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, काम करण्यास सक्षम असलेल्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येणार नाही, असा निकाल दिला होता. लॅबची चिठ्ठी मिळाली की कोणत्या चाचण्या लिहिल्या आहेत ते तिथेच वाचा. एचआयव्ही लिहिलेली असेल तर एचआरला ईमेल करा: ‘फूड हँडलरची तपासणी करून घेतो, एचआयव्ही चाचणी कायद्याप्रमाणे लागत नाही, कृपया यादी सुधारून द्यावी.’ तोंडी भांडू नका, कागद तयार होऊ द्या.

‘आताचा पगार किती’ विचारतात. वाढवून सांगावा का? — वाचक, डिचोली

नको. सॅलरी स्लिप आणि फॉर्म १६ मागतात आणि आकडा उघडा पडतो. नोकरी लागल्याच्या-सोडल्याच्या तारखा तर पीएफच्या यूएएनवर (प्रत्येकाचा कायमचा पीएफ क्रमांक) दिसतातच. विचारणे बेकायदेशीर नाही, पण तुमच्या अपेक्षेचा पाया आताचा पगार असलाच पाहिजे असेही नाही. ‘आता हातात २१ हजार येतात. या जागेचे काम आणि नाइट शिफ्ट पाहता माझी अपेक्षा २७ हजारांची आहे, हातात येणारे.’ ‘हातात येणारे’ हे शब्द विसरू नका.

कारण सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, वेगळी असते. वर्षाची सीटीसी ३,६०,००० म्हणजे महिन्याला ३०,००० वाटतात. बेसिक १५,००० धरला तर त्यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद सुमारे ७२० आधीच वजा होते. राहिले साधारण २७,४८०. तुमच्या वाट्याचे पीएफचे १,८०० गेले की २५,६८०. सीटीसीतच दहा टक्के ‘व्हेरिएबल’ धरलेले असेल तर महिन्याला आणखी ३,००० कमी, म्हणजे हातात २२,६८०. ते व्हेरिएबल कधी आणि कशावर मिळते, आणि गेल्या वर्षी किती टक्के दिले, हे विचारायला अजिबात लाजू नका.

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचं आहे का’ म्हणतात तेव्हा गप्प बसतो. काय विचारावे? — वाचक, काणकोण

कारखान्यात पहिला प्रश्न: नेमणूक कंपनीच्या रोलवर की कंत्राटदाराच्या? गेट एकच, युनिफॉर्म एकच, पण पत्र कोणाच्या लेटरहेडवर येते त्यावर पीएफ, रजा आणि कायम होण्याची आशा ठरते. मग प्रोबेशन किती महिने आणि कायम केल्याचे पत्र मिळते का. शिफ्ट दर आठवड्याला बदलते की पंधरा दिवसांनी. कंपनीची बस मडगावपर्यंतच येते की पुढे. काणकोणहून जाणाऱ्याने हे विचारलेच पाहिजे. आणि ही जागा नवी आहे की कोणी सोडून गेले. या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना समोरच्याचा चेहरा पाहा.

हॉटेलात: सीझन संपल्यावर जून ते सप्टेंबर पगार चालू राहतो का, की ‘घरी बसा, बोलावू’? सर्व्हिस चार्ज स्टाफमध्ये वाटतात का आणि कसा? टिप्स एकत्र जमा होतात की ज्याच्या त्याच्या?

‘तुमची कंपनी काय बनवते?’ हे विचारू नका, ते घरून वाचून यायचे असते. सुट्ट्या किती, हा प्रश्न चुकीचा नाही, फक्त तो पहिला असू नये. पगार-रजा एचआरच्या फेरीत आणि कामाचे प्रश्न विभागप्रमुखाला. उलटे केले तर दोघांकडूनही मोघम उत्तरे मिळतात.

मुलाखत घेणाऱ्याने ‘रात्री माझ्याबरोबर डिनरला आलीस तर नोकरी पक्की’ असे म्हटले. मी तिथे कामाला नाही, मग तक्रार कशी करणार? — वाचक, पणजी

करू शकता. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात तक्रारदार स्त्री तिथे नोकरीत असलीच पाहिजे अशी अट नाही, आणि नोकरीचे आमिष दाखवून अशी मागणी करणे त्यात स्पष्ट येते. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर कंपनीच्या अंतर्गत समितीकडे. त्याहून कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. मुदत घटनेपासून तीन महिने, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. तक्रार लेखी, सहा प्रतींत, पुरावे आणि साक्षीदारांच्या नावांसह. बाहेर पडल्या पडल्या तारीख, वेळ, खोली, शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा आणि ते स्वतःला ईमेल करा, म्हणजे वेळेची नोंद राहते. मुलाखतीचे बोलावणे आलेला मेसेज डिलीट करू नका.

ओरिजिनल सर्टिफिकेटे ठेवून घेतो, दोन वर्षांचा बॉण्ड लिहून द्या, म्हणाले. — वाचक, साखळी

ओरिजिनल दाखवा, झेरॉक्स द्या, ओरिजिनल परत घ्या. ठेवून घेणार असतील तर तिथे जाऊ नका. बॉण्डची गोष्ट वेगळी, तो दर वेळी पोकळ नसतो. विजया बँकेच्या प्रकरणात २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांआधी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट मान्य केली. मात्र भरतीचा खर्च आणि झालेले नुकसान यांच्याशी रक्कम सुसंगत हवी. तेव्हा विचारा: ट्रेनिंग कुठले, किती दिवसांचे, खर्च किती, आणि दर महिन्याच्या नोकरीनंतर बॉण्डची रक्कम कमी होत जाते का? ट्रेनिंग म्हणजे ‘आठ दिवस सीनियरच्या शेजारी बसणे’ असेल तर लाखाचा बॉण्ड कशाला, हे त्यांनाच विचारा.

क्रूझवर जायचे आहे. एजंटने मुलाखतीतच ‘किती भरू शकता’ विचारले. — वाचक, वास्को

जहाजावर भरती करणाऱ्या एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना लागतो आणि परवानाधारकाला खलाशाकडून नोकरीचे पैसे घेता येत नाहीत. परवान्याचा क्रमांक मागा आणि महासंचालनालयाच्या वेबसाइटवर तपासा. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाची नोंदवही), मेडिकल आणि एसटीसीडब्ल्यू (जहाजावरच्या सुरक्षेचे प्रशिक्षण) कोर्सचा खर्च तुमचा असू शकतो, पण तो त्या त्या कार्यालयाला किंवा संस्थेला पावतीवर भरायचा, एजंटच्या गूगल पेवर नाही. आखातातल्या जमिनीवरच्या नोकरीसाठी नियम निराळा: नोंदणीकृत एजंटला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते. तेही बँकेतून आणि पावतीवर भरा.